पोस्ट-पंक आणि इंडी : तुमचा सर्वांत आवडता पहिला अल्बम कोणता, आणि का?

मंद्र_सप्तक

गेले काही महिने माझा एकच उद्योग चालू आहे. १९७७ ते १९८४ या काळात ज्या पोस्ट-पंक आणि इंडी (छोट्या स्वतंत्र रेकॉर्ड कंपन्यांच्या) बँड्सनी पदार्पण केलं, त्यांचे पहिले अल्बम ओळीने ऐकायचे. शफल नाही, मध्ये फोन नाही, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग. वायरचा ‘पिंक फ्लॅग’, मॅगझिनचा ‘रिअल लाइफ’, सूझी अँड द बॅनशीजचा ‘द स्क्रीम’, जॉय डिव्हिजनचा ‘अननोन प्लेझर्स’, गँग ऑफ फोरचा ‘एंटरटेनमेंट!’, द स्लिट्सचा ‘कट’, मग रेनकोट्स, यंग मार्बल जायंट्स, एको अँड द बनीमेन. यादी बरीच लांब आहे.

ऐकता ऐकता एक मत पक्कं झालं. या मंडळींना रूढ अर्थाने वाजवता येत नव्हतं, म्हणूनच ते वेगळं वाजवू शकले. १९७६ मध्ये पंक या कच्च्या, आक्रमक रॉकने सांगितलं की तीन कॉर्ड येत असतील तर उद्या स्टेजवर या. पण वर्षभरात पंकचाच साचा झाला. ज्यांच्याकडे रॉकवाल्यांचा रियाझ नव्हता आणि ज्यांना पंकचा तोच तो आरडाओरडाही नको होता, त्यांनी आपल्या हाताला जेवढं जमत होतं त्यातून नवा आवाज काढला.

जॉय डिव्हिजनचा बेसवादक पीटर हूकचंच बघा. सरावाच्या खोलीत गिटारवाल्या बर्नार्ड समनरचा अँप इतका मोठा असायचा की हूकला स्वतःचा बेस ऐकूच यायचा नाही. म्हणून तो वरच्या पट्ट्यांवर वाजवू लागला, कारण तेवढेच सूर त्या गोंगाटातून कानावर पडायचे. झालं काय, तर चाल बेसकडे गेली आणि गिटार मागे राहून नुसतं खरवडू लागलं. रॉकमध्ये पंचवीस वर्षं जे वाद्य तळाला बसून होतं, ते पुढे येऊन गायला लागलं! हे कुठल्या शिकवणीत सुचलं नसतं.

दुसऱ्या-तिसऱ्या अल्बमपर्यंत हात बसतो, पैसे येतात, चांगला स्टुडिओ मिळतो आणि ही धार बोथट होते. म्हणून प्रश्न फक्त पहिल्या अल्बमचा. माझं मत ‘अननोन प्लेझर्स’ला. तुम्ही एकच नाव सांगा, आणि कारण सांगा.

जुनी_कॅसेट

वाचनखूण साठवली. माझं मत ‘मार्की मून’. आत्ता ऑफिसात आहे, रात्री सविस्तर लिहितो आणि तुमचा सिद्धांत मोडून दाखवतो.

केतकी_पिवळी

मंद्रराव, धागा सुरेख, निष्कर्ष अजिबात पटला नाही.

‘अननोन प्लेझर्स’चा जो आवाज तुम्हाला आवडतो तो बँडच्या हातातून आलेला नाही, तो निर्माता मार्टिन हॅनेटच्या डोक्यातून आलाय. एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत हे रेकॉर्डिंग झालं. हॅनेटने ड्रमर स्टीफन मॉरिसला ड्रमसेटचा एकेक भाग सुटा वाजवायला लावला, कारण त्याला एका ड्रमचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरलेला चालत नव्हता. ‘शीज लॉस्ट कंट्रोल’च्या तालात जो फुस्स असा आवाज येतो तो टेपचं हेड साफ करायच्या स्प्रेचा आहे. ‘इनसाइट’च्या सुरुवातीला स्टुडिओच्या इमारतीतली लिफ्ट ऐकू येते, आणि त्याच गाण्यात गायक इयन कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या लाइनवरून घेतलाय. हे सगळं करून हॅनेटने वाद्यांच्या मध्ये जी मोकळी जागा सोडली, तोच तो अल्बम.

आणि हूक आणि समनर दोघांनाही तेव्हा तो आवडला नव्हता. त्यांना स्टेजवरचा दणका हवा होता. ज्यांना स्वतःचा अल्बम पटला नाही, त्यांच्या न येण्याला श्रेय कसं द्यायचं?

माझं मत शेवटी देईन. आधी वाद पुरा होऊ दे.

मंद्र_सप्तक

@केतकी_पिवळी, हॅनेट महत्त्वाचा होता यात वाद नाही. पण एक करा. जॉन पीलच्या बीबीसीवरच्या कार्यक्रमासाठी बँडने जानेवारी १९७९ मध्ये चार गाणी रेकॉर्ड केली होती, ती ऐका. त्यात ‘इनसाइट’ आहे, ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ही आहे. हॅनेट तिथे नव्हता. लिफ्ट नाही, स्प्रे नाही. तरीही बेस वरच तरंगतोय आणि गिटार खरवडतंय. हॅनेटने घर बांधलं असेल, जमीन यांचीच होती.

संत्रानगरी

भाऊ, मी सकाळपासून हाच अल्बम ऐकून राहिलो. पहिल्या गाण्याला उठून नाचावंसं वाटते आन् शेवटच्या गाण्यापर्यंत बोलायचीच इच्छा राहत नाही. मत अननोन प्लेझर्सला. वाद तुम्ही घाला.

सातारकर_लीड्सवासी

इथे लिहिणं भाग आहे, नाहीतर लीड्सला राहण्याचा काय उपयोग.

‘एंटरटेनमेंट!’, गँग ऑफ फोर, सप्टेंबर १९७९. दुसरं नाव मनात येतच नाही. ही मुलं लीड्स विद्यापीठातली. त्याच सुमारास, त्याच कलाशाखेच्या वर्तुळातून द मेकॉन्स आणि डेल्टा ५ हेही बँड निघाले. विद्यापीठाजवळच्या ‘द फेंटन’ या पबात ही सगळी जमायची. बाहेर शहरात नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाच्या गुंडांशी मारामाऱ्या, कारखाने बंद पडतायत, मे १९७९ मध्ये थॅचरबाई निवडून आल्यात. आणि हे चौघे गाणी कशावर करतात? खरेदीवर, सुट्टीवर, टीव्हीवरच्या बातम्यांवर, प्रेम हासुद्धा देवघेवीचा व्यवहार कसा होतो त्यावर. घोषणा एकही नाही.

आता मंद्ररावांच्या सिद्धांताबद्दल. यांचा गिटारवाला अँडी गिल याला वाजवता येत होतं. त्याने जे केलं ते ठरवून केलं. तेव्हाचे सगळे गिटारवाले व्हॉल्व्हच्या अँपच्या उबदार आवाजामागे लागलेले असताना त्याने ट्रान्झिस्टरचा अँप धरला, कारण त्याला ती ऊबच नको होती. डिस्टॉर्शन नाही, सोलो नाही. जिथे सोलो यायचा तिथे नुसती शांतता, किंवा एकच कॉर्ड तोडून तोडून. खाली डेव्ह अॅलनचा बेस आणि ह्यूगो बर्नहॅमचे ड्रम थेट फंकचे. पाय नाचतायत आणि डोकं अस्वस्थ आहे, असा हा अल्बम आहे.

‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये त्यांना बोलावलं होतं. बीबीसीने गाण्यातला एक शब्द बदला म्हणून सांगितलं. यांनी नाही म्हटलं आणि न वाजवता निघून आले. देशातल्या सगळ्यात मोठ्या संगीत कार्यक्रमातून! त्यानंतर रेकॉर्ड कंपनीने त्यांच्यासाठी किती जोर लावला असेल याचा अंदाज करा. तरीही पुढच्या पिढ्यांनी या अल्बमवर हात साफ केला. रेड हॉट चिली पेपर्सचा पहिला अल्बम १९८४ मध्ये आला, त्याचा निर्माता हाच अँडी गिल. तो २०२० मध्ये गेला.

कर्जत_लोकल

प्रश्न बाळबोध वाटेल, पण पोस्ट-पंक म्हणजे नक्की काय? मी यातलं फक्त आर्क्टिक मंकीज आणि थोडं फ्रान्झ फर्डिनंड ऐकलंय. ते यात बसतात का? आणि सुरुवात कुठून करू?

केतकी_पिवळी

@कर्जत_लोकल, काळाने सांगायचं तर साधारण १९७८ ते १९८४. वृत्तीने सांगायचं तर हॉवर्ड डेव्होटोची गोष्ट ऐका. मँचेस्टरमध्ये त्याने पीट शेलीबरोबर बझकॉक्स काढला. १९७७ च्या सुरुवातीला उसने पैसे घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली (तिचा निर्माताही हॅनेटच). ती गाजायला लागली आणि डेव्होटो लगेच बँड सोडून गेला, कारण पंक आता ठरावीक होणार हे त्याला दिसत होतं. मग त्याने मॅगझिन काढला, त्यात सिंथेसायझर घेतला, जॉन मॅकगिऑकसारखा गिटारवाला घेतला आणि १९७८ मध्ये ‘रिअल लाइफ’ आला. पंकने दार फोडलं, हे लोक त्या दारातून आत गेले आणि प्रत्येकाने वेगळी खोली पकडली. कुणी रेगे घेतलं, कुणी फंक, कुणी जर्मन यंत्रसंगीत.

आर्क्टिक मंकीज आणि फ्रान्झ फर्डिनंड त्यांची नातवंडं. तुम्हाला फ्रान्झ फर्डिनंड आवडत असतील तर गँग ऑफ फोर लगेच ओळखीचे वाटतील. तिथून सुरू करा.

सातारकर_लीड्सवासी

केतकीताई, शंभर टक्के!

कर्जत_लोकल

धन्यवाद. उद्या येता-जाता ऐकतो.

जुनी_कॅसेट

आलो. ‘मार्की मून’, टेलिव्हिजन, फेब्रुवारी १९७७, न्यू यॉर्क.

कुणी म्हणेल की पंकच अजून चालू होतं तर हे ‘पोस्ट’ कसं. कॅलेंडर बाजूला ठेवा आणि ऐका. पंकच्या क्लबात, सीबीजीबीमध्ये वाढलेला बँड, पण पंकसारखं एकही गाणं नाही. ‘मार्की मून’ हेच नाव असलेलं मधलं गाणं जवळपास दहा मिनिटांचं. टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड ही दोन गिटारं, आणि दोन्ही एकमेकांच्या वाक्याच्या मध्ये बोलतात, कुणी कुणावर कुरघोडी करत नाही. एकाने दोन सुरांची टकटक धरलीय, दुसरा त्याच्या फटीतून बाहेर येतो. शेवटाकडे दोघं पायरी पायरी चढत जातात, वर पोचल्यावर सगळं विरघळतं आणि मूळ टकटक परत सुरू होते. हे गाणं एका टेकमध्ये झालंय. ड्रमर बिली फिकाला तर ती रंगीत तालीम वाटली होती.

आता मुद्दा. हा बँड १९७३ पासून एकत्र होता. १९७४ मध्ये ब्रायन ईनोबरोबर त्यांनी डेमो केले, व्हर्लेनला ते पटले नाहीत, त्याने अल्बम काढला नाही. अजून दोन वर्षं क्लबात वाजवत राहिले. इतकी तयारी असल्यामुळेच एका टेकमध्ये ते गाणं उभं राहिलं. मंद्रराव, न येण्यातून आवाज निघतो म्हणता, मग हे कुठे बसवायचं? पहिला अल्बम चांगला होतो कारण त्याच्यामागे सगळं आधीचं आयुष्य असतं. दुसऱ्यामागे फक्त एक दौरा आणि एक वर्ष.

रंगभवनचा_कठडा

जुनी_कॅसेट यांचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

मला थोडं आपल्याकडचं सांगायचंय. मुंबईत १९८६ पासून आय-रॉक (इंडिपेन्डन्स रॉक) हा रॉक बँड्सचा महोत्सव होत होता, धोबीतलावच्या रंगभवनात. आम्ही कॉलेजातून थेट तिथे. तिथे बँडची किंमत एका गोष्टीवर ठरायची : सोलो. गिटारवाला किती वेगात वाजवतो, ड्रमर डबल बेस मारतो का. हेवी मेटल आणि जुना हार्ड रॉक, बस्स. माझ्या एका मित्राचे मामा लंडनहून आले तेव्हा द फॉलची कॅसेट घेऊन आले होते. आम्ही सगळ्यांनी ती एकत्र ऐकली. त्यांचा गायक मार्क ई. स्मिथ गातोय की भांडतोय तेच कळेना, गिटार तर एकाच जागी अडकलेलं. दोन गाण्यांनंतर कुणीतरी ती काढून डीप पर्पल लावलं. मी मात्र ती मागून घरी नेली, आणि अजून माझ्याकडे आहे.

मला वाटतं पोस्ट-पंक महाराष्ट्रात रुजलं नाही त्याचं कारण हेच. आपल्याला संगीत म्हणजे तयारी असंच शिकवलेलं असतं. घराघरात पेटी-तबल्याचे क्लास. ज्याला येत नाही त्याने स्टेजवर जाऊच नये. या बँड्सचं सगळं मोठेपण आपल्या कानाला कच्चेपणा वाटतं.

संत्रानगरी

सोलो नसलेलं गिटार आमच्याकडे कोणी ऐकूनच घेत नव्हतं ना भाऊ! गॅदरिंगमध्ये सोलो चुकला तर खुर्च्या वाजवत.

आडा_चौताल

नेहमी वाचनमात्र असतो, पण तयारीचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझं शिक्षण ख्यालगायकीचं, तुमच्या बँड्सपैकी निम्मी नावं मला याच धाग्यात कळली.

अडचणीतून शैली निघते हे आपल्या संगीताला नवीन नाही. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठलं, ते देवासला गेले, काही वर्षं गाणं पूर्ण बंद होतं. परत गायला लागले ते एका फुप्फुसाच्या बळावर. लांब दमसासाच्या ताना शक्य नव्हत्या. मग त्या छोट्या, अचानक झेपावणाऱ्या, मध्येच तुटणाऱ्या स्वरवाक्यांची गायकी आली. तेव्हा पुष्कळांना ती विचित्र वाटली होती.

पण लक्षात घ्या, त्याआधी देवधर मास्तरांकडची तालीम होती. लहानपणापासून मैफली गाजवल्या होत्या. सगळं येत असलेल्या माणसाला अडचण आली, ही एक गोष्ट. मुळात येतच नसणं ही वेगळी गोष्ट. मूळ लेखात या दोन्ही एकाच पोत्यात भरल्यात असं मला वाटतं.

केतकी_पिवळी

@आडा_चौताल, वाचनमात्र राहू नका हो, लिहीत जा!

आणि यात तिसरी गोष्ट आहे : येत असून नको म्हणणं. अँडी गिल तिथला. वायरही तिथलेच. ‘पिंक फ्लॅग’मध्ये ३५ मिनिटांत २१ गाणी आहेत. काही तर मिनिटभराचीही नाहीत. शब्द संपले की गाणं संपलं, उगाच एक कडवं परत नाही.

खोडद_फाटा

अवांतर आहे, पण राहवत नाही.

‘अननोन प्लेझर्स’चं मुखपृष्ठ सगळ्यांनी टी-शर्टावर पाहिलंय, काळ्यावर पांढऱ्या डोंगररांगा. त्या रेषा म्हणजे एका पल्सारच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्याच्या, स्पंदनांचा आलेख आहे. सीपी १९१९, माणसाला सापडलेला पहिला पल्सार. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला तो सापडला (१९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकाला मिळालं, तिला नाही. माझा त्यावरचा राग अजून गेलेला नाही). नंतर हॅरल्ड क्राफ्ट नावाच्या संशोधकाने अरेसिबोच्या दुर्बिणीवर मिळालेली लागोपाठची स्पंदनं एकाखाली एक रचून तो आलेख केला, तो १९७० च्या त्याच्या प्रबंधात आहे. पुढे तो केंब्रिजच्या खगोलशास्त्राच्या विश्वकोशात छापला गेला. तिथून बँडने तो उचलला आणि मुखपृष्ठकार पीटर सॅव्हिलने पांढऱ्यावरचं काळं उलटं करून काळ्यावर पांढरं केलं.

हे इथे लिहितोय कारण मी नारायणगावजवळचा. आमच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशा, आणि पल्सारचा अभ्यास हे तिथलं एक मोठं काम. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, पंचक्रोशीतल्या शाळा येतात. एका वर्षी मी तो टी-शर्ट घालून गेलो होतो. तिथल्या एका संशोधक मुलाने टी-शर्ट बघितला आणि थेट हात धरून स्पीकरपाशी नेलं. एका पल्सारचा सिग्नल आवाजात बदलून ठेवला होता. टक्… टक्… टक्… एकही ठोका इकडचा तिकडे नाही.

सीपी १९१९ चं आवर्तन १.३३ सेकंदांचं आहे. म्हणजे मिनिटाला साधारण ४५ ठोके.

आडा_चौताल

४५ म्हणजे चांगली सावकाश लय! त्यावर झुमरा बांधता येईल.

मंद्र_सप्तक

@खोडद_फाटा, अवांतर म्हणत धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद दिलात. मॉरिसचे ड्रम ऐकताना आता हेच आठवत राहणार.

तिरफळ

सगळे १९७९ मध्येच अडकलेत. पुढे सरका जरा. १९८४, द स्मिथ्स. पहिला अल्बम फेब्रुवारीत आला, रफ ट्रेडसारख्या छोट्या कंपनीचा असून ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. पोस्ट-पंकचा काळ संपून आज आपण ज्याला इंडी म्हणतो ते इथून सुरू झालं. जॉनी मारचं गिटार ऐका. सोलो नाही, पण एका गाण्यात दहा गाण्यांची चाल.

जुनी_कॅसेट

@तिरफळ, बँड म्हणून मान्य, अल्बम म्हणून नाही. ट्रॉय टेट या निर्मात्याबरोबर आधी तो पूर्ण रेकॉर्ड करून बाजूला ठेवला, मग जॉन पोर्टरबरोबर परत केला. दोनदा केल्याचा थकवा त्यात ऐकू येतो, सगळं थोडं सपाट. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘हॅटफुल ऑफ हॉलो’ आला, त्यात बीबीसीसाठी झटपट केलेली गाणी आहेत. तीच गाणी शेजारी ठेवून ऐका. जिवंतपणा तिकडे आहे.

तिरफळ

हे खरंय, पण ‘हॅटफुल’ संकलन आहे, या स्पर्धेत बसत नाही. माझं मत स्मिथ्सलाच.

सातारकर_लीड्सवासी

स्मिथ्सचं नाव निघालंय तर कॉर्नरशॉपचं निघायलाच हवं. लेस्टरचा बँड, तजिंदर सिंग गायक. दक्षिण आशियाई म्हणजे कोपऱ्यावरचे दुकानदार, या इंग्लंडमधल्या हिणवण्यावरूनच त्यांनी हे नाव घेतलं. १९९२ मध्ये स्मिथ्सचा गायक मॉरिसी याच्या वंशाबद्दलच्या बोलण्या-गाण्यांचा निषेध म्हणून त्यांनी लंडनमध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीबाहेर त्याचं चित्र जाळलं. स्वतःचा पहिला अल्बम यायच्या आधी! तो अल्बम १९९४ चा, ‘होल्ड ऑन इट हर्ट्स’. खडबडीत आहे, गोंगाट आहे, मध्येच सतार येते. पहिल्या अल्बमांच्या यादीत पहिला नंबर देणार नाही, पण धैर्याच्या यादीत देईन.

आणि याच बँडने पुढे आशाताईंवर गाणं केलं. १९९७ ला आलं तेव्हा फारसं चाललं नाही. नॉर्मन कुकने रिमिक्स केलं आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मी इथे नवीन आलो तेव्हा पबात ते लागलं की गोरी पोरं आशा, आशा म्हणून नाचायची. आपल्या सांगलीकडच्या बाईचं नाव! मला भरून यायचं.

संत्रानगरी

हे गाणं आशा भोसलेंवर आहे?? इतकी वर्षं ऐकून राहिलो. आज कळलं.

केतकी_पिवळी

आता माझं मत. आणि एक तक्रार. स्लिट्स आणि रेनकोट्स यांची नावं मूळ लेखात आली आणि त्यानंतर आतापर्यंत कुणी त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. न येण्याचा विषय चाललाय, तर जिथे ते खरंच घडलं त्या अल्बमांबद्दल बोला ना!

‘कट’, सप्टेंबर १९७९. आरी अप बँडमध्ये आली तेव्हा १४ वर्षांची होती. निर्माता डेनिस बोव्हेल, रेगेमधला पक्का माणूस. त्याने या मुलींचं वाजवणं ‘सुधारलं’ नाही, त्याभोवती रेगेची मोकळी जागा ठेवली. बोव्हेलने जे केलं ते हॅनेटपेक्षा मला मोठं वाटतं. हॅनेटने बँडवर स्वतःचं हवामान लादलं, बोव्हेलने त्यांचं हवामान राखलं.

पण माझं मत ‘द रेनकोट्स’ला, १९७९, रफ ट्रेड. जीना बर्च आणि आना दा सिल्व्हा, दोघी कलाशाळेतल्या. जीनाने स्लिट्सना स्टेजवर बघितलं आणि मग बेस घेतला. स्लिट्स सोडून आलेली पामॉलिव्ह ड्रमवर, व्हिकी अॅस्पिनॉल व्हायोलिनवर. व्हिकीचं शास्त्रीय शिक्षण झालेलं, बाकीच्या शिकत शिकत वाजवतायत. ताल मध्येच पळतो, परत येतो. गाणं आता पडणार असं वाटतं आणि सगळ्या मिळून त्याला सावरतात. हे सावरणं ऐकू येतं, हेच मला हवंय. गुळगुळीत अल्बममध्ये माणसं एकमेकींचं ऐकतायत हे कळत नाही, इथे दर चार मात्रांना कळतं.

निर्व्हाना बँडच्या कर्ट कोबेनला हा अल्बम इतका प्रिय होता की १९९२ मध्ये लंडनला आल्यावर तो प्रत शोधत रफ ट्रेडच्या दुकानात गेला. तिथे त्याला सांगितलं की आना जवळच एका जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करते. तो थेट तिथे गेला. १९९३ मध्ये हे अल्बम परत निघाले तेव्हा त्याने त्यासाठी टिपण लिहून दिलं.

मंद्रराव, तुमचा सिद्धांत मला नामंजूर नाही, तुमचं उदाहरण नामंजूर आहे.

मंद्र_सप्तक

उदाहरणावर मी ठाम आहे, पण हा प्रतिसाद वाचून रेनकोट्स परत लावला. व्हायोलिनबद्दल लिहिलंत ते अगदी खरं. चारपैकी एकीला सगळं येतंय आणि ती बाकीच्यांच्या वेगाने चालतेय.

रंगभवनचा_कठडा

यंग मार्बल जायंट्सबद्दल मी लिहितो, नाहीतर केतकीताई परत रागावतील.

‘कलॉसल यूथ’, १९८०. कार्डिफचे तिघं. मॉक्सहॅम बंधू आणि अॅलिसन स्टॅटन. ड्रमर नाही. घरी जुळवलेल्या ताल-यंत्राचे ठोके टेपवर भरून घेतलेले, त्यावर एक बेस, एक गिटार किंवा ऑर्गन, आणि अॅलिसन शेजारी बसून गुणगुणावं तसं गाते. वेल्समधल्या एका स्टुडिओत पाच दिवसांत सगळं उरकलं. सगळीकडे आवाज वाढवायची चढाओढ चालू असताना यांनी आवाज कमी केला. आणि नंतर दुसरा स्टुडिओ अल्बम काढलाच नाही. धार बोथट व्हायचा प्रश्नच मिटला.

आय-रॉकवाल्या मला हे आवडायला पन्नाशी गाठावी लागली. मत यालाच.

दुसरी_बाजू

नवीन पिढीकडून एक मत. इंटरपोल, ‘टर्न ऑन द ब्राइट लाइट्स’, २००२. जॉय डिव्हिजनची नक्कल म्हणून सगळे नाक मुरडतात. पण जॉय डिव्हिजनमध्ये थंड, रिकामी मँचेस्टर आहे, यात रात्रीचं न्यू यॉर्क आहे. बेस वरच्या सुरांत आहे एवढ्यावरून नक्कल ठरवायची असेल तर अर्धं जग नक्कलच आहे. २०१९ चा फॉन्टेन्स डी.सी.चा ‘डॉग्रेल’ही ऐका, डब्लिनच्या बोलीत गातात, लाज न बाळगता. मला तो इथल्या अर्ध्या यादीपेक्षा जवळचा वाटतो.

जुनी_कॅसेट

‘डॉग्रेल’ला अनुमोदन. इंटरपोलला नाही. त्यांचं सगळं इतकं इस्त्रीचं आहे की सावरायला काही पडतच नाही.

दुसरी_बाजू

‘मार्की मून’ही इस्त्रीचाच आहे, साहेब.

जुनी_कॅसेट

एका टेकमध्ये केलेला! इस्त्री नाही, तालीम म्हणतात त्याला. आडा_चौताल, साक्ष द्या.

आडा_चौताल

आज दुपारी ऐकलं ते गाणं, सलग दोन वेळा. साक्ष देतो. ती दोन गिटारं ही चांगली जुगलबंदी आहे, आणि चांगल्या जुगलबंदीत दोघांनाही कुठे थांबायचं ते कळत असतं. रेनकोट्सही ऐकला. ताल सुटतो तिथे माझा हात आपोआप मांडीवर आपटला, सवयच तशी. पण तिसऱ्या गाण्यापासून हात थांबला आणि मी ऐकायला लागलो. माझं मत देण्याइतकं मी ऐकलेलं नाही. ‘कलॉसल यूथ’ आज रात्री.

कर्जत_लोकल

‘एंटरटेनमेंट!’ ऐकला, दोन दिवस गाडीत तोच. जाताना फक्त ताल कळला, पाय हलत होता. येताना शब्दांकडे लक्ष दिलं तर समोर सगळे डबाभर लोक फोनवर सेलमधल्या ऑफर बघत बसलेले, मीही त्यातलाच. गाणी बरोबर त्यावरच! अल्बम १९७९ चा आहे यावर विश्वास बसत नाही. सोलो कुठे येतो याची शेवटपर्यंत वाट बघितली, आला नाही ते बरंच झालं.

‘अननोन प्लेझर्स’ही लावला होता, पण लोकलच्या आवाजात त्यातल्या मोकळ्या जागा ऐकूच येत नाहीत. मत गँग ऑफ फोरला. आता यांचाच पुढचा अल्बम ऐकू का दुसरा कुणाचा?

सातारकर_लीड्सवासी

पुढचा ‘सॉलिड गोल्ड’, १९८१. जड आहे, अंधारा आहे, चांगला आहे, पण लगेच नको. आधी डेल्टा ५ ची सुरुवातीची गाणी ऐका, दोन बेस आहेत त्यांच्याकडे आणि गाडीतही नीट ऐकू येतात. मग बर्मिंगहॅमच्या ऑ पेअर्सचा पहिला अल्बम, १९८१ चा. गिटारची तीच तोडातोड, पण गाणारी बाई घरातल्या भांडणाबद्दल गातेय. तो झाला की इथे येऊन सांगा, केतकीताई आणि मी दोघंही वाट बघतोय. आणि ‘अननोन प्लेझर्स’ रविवारी घरी, हेडफोन लावून.